धारावीचे ठाणे आणि चिमाजीअप्पांची मसलत

भाईंदरहून उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्याने चौक गावाच्या टेकडीवर चढून गेले असता, खाली कोळ्यांच्या होड्या आणि बांबूंना दोऱ्या ताणून वाळत घातलेले बोंबील, समोर वसईच्या खाडीचे रुंद मुख आणि त्यापलीकडे फिरंग्यांच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या, कोटाचा किनारा, असे सर्व एकाच दृष्टिक्षेपात येते. वसईच्या विजयाचे वर्णन बहुधा उत्तरेकडील तटाला पडलेल्या खिंडारापाशी रेंगाळते. परंतु ज्या सेनापतीने ती मोहीम शेवटास नेली त्याची योग्यता यथार्थ जाणून घ्यावयाची असेल, तर ती या दक्षिण तीरावरूनच, धारावीच्या ठाण्यावरूनच पाहिली पाहिजे, असे माझे निश्चित मत आहे.

चिमाजीअप्पा हे बाळाजी विश्वनाथांचे धाकटे चिरंजीव. ज्येष्ठ बंधू बाजीराव यांच्या विद्युत्वेगी घोडदौडीचे तेज एवढे प्रखर की त्यापुढे या शांत आणि प्रकृतीने नाजूक पुरुषाचे कर्तृत्व झाकोळून जावे, यात नवल नाही. तथापि १७२८ च्या नोव्हेंबरात अमझेऱ्याच्या रणात माळव्याचा मोगल सुभेदार गिरिधर बहादूर आणि त्याचा आप्त दया बहादूर हे दोघेही ज्यांच्या फौजेपुढे पडले, आणि १७३६ च्या एप्रिलात रेवसच्या परिसरात जंजिऱ्याच्या सिद्दींचा सरदार सिद्दी सात ज्यांच्याशी झालेल्या लढाईत मारला गेला, ते चिमाजीअप्पाच होत. या दोन्ही लढाया मोकळ्या रानातल्या होत्या. वसईचा प्रश्न निराळाच होता. फ्रान्सच्या चौदाव्या लुईचा सेनापती वोबाँ याने दुर्ग बांधण्याचे आणि ते खंदकामागून खंदक खणून जिंकण्याचे शास्त्रच घडविले होते. तोफेला तोंड देणारे तसले पाश्चात्त्य धाटणीचे बुरुज घेण्याचा अनुभव मराठी फौजेस फारसा नव्हता, आणि वसईस तसेच बुरुज होते.

१५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाकडून मिळालेला वसईचा हा मुलूख फिरंग्यांनी दोनशे वर्षे भोगला. त्यांच्या धर्मविषयक जुलमाने गांजलेल्या रयतेच्या वतीने अंजूरच्या गंगाजी नाईकांनी पुणे दरबारी चालविलेले प्रयत्न फळास येऊन १७३७ च्या मार्चात मोहीम निघाली, आणि ज्याचे बांधकाम अजून पुरे झाले नव्हते तो ठाण्याचा किल्ला हाती येताच साष्टी बेटाचा बहुतेक मुलूख अंमलाखाली आला. वसई मात्र हलेना. तिच्या तीन बाजूंस पाणी आणि दलदल, आणि समुद्र तर फिरंग्यांचाच. होड्यांतून रसद, दारूगोळा आणि कुमक येत राहिल्यावर जमिनीवरचे मोर्चे काय करणार? खाडीच्या मुखावर नजर ठेवणारी धारावीची टेकडी म्हणूनच दोघांनाही हवी होती, आणि त्या दोन वर्षांत ती कधी याच्या तर कधी त्याच्या ताब्यात गेली.

या दीर्घ झुंजीत चिमाजीअप्पांनी जे धैर्य दाखविले ते तरवारीच्या धैर्याहून दुर्मीळ आहे. अखेरच्या मोहिमेत त्यांनी मुख्य कोटावर प्रथम झडप घातलीच नाही. १७३९ च्या जानेवारीत उत्तरेकडील माहीम आणि तारापूर घेतले (तारापुरास बाजी भिवराव रेठरेकरांसारखा मोहरा खर्ची पडला), तिकडे व्यंकटराव घोरपडे यांच्या फौजेने गोव्यास शह देऊन कुमकेची वाट अडविली, फेब्रुवारीत वसईस वेढा पडला आणि मार्चात धारावीचे ठाणे अखेरचे सर झाले. एकेक आधार असा काढून घेतल्यावर मगच उत्तरेच्या तटाखाली सुरुंग खणले गेले. आतल्या फिरंग्यांनी मुंबईच्या इंग्रजांकडे पदर पसरला. मिळाले ते थोडे द्रव्य, आणि तेही देवालयातील चांदी गहाण टाकून. मे महिन्यात सॅन सेबॅस्टियन आणि रेमेदियूस या बुरुजांपाशी सुरुंगांचे भयंकर स्फोट झाले, त्यांत आणि त्यानंतरच्या हल्ल्यांत आपलेही असंख्य लोक कामास आले, आणि अखेर तह झाला.

त्या तहाची कलमे मला विजयाहून मोठी वाटतात. शिबंदीस शस्त्रांनिशी, वाद्ये वाजवीत आणि निशाणे फडकावीत बाहेर जाण्याची मुभा मिळाली, ज्यांस जावयाचे होते त्यांस चीजवस्तू नेता आली, आणि जे ख्रिस्ती मागे राहिले त्यांचा धर्म त्यांच्यापाशी राहिला. धर्मच्छळाच्या तक्रारीतून उभ्या राहिलेल्या मोहिमेच्या शेवटी, सूड घेण्याची पूर्ण शक्ती हाती असता, हे वचन देण्यात आले. उत्तन, पाली, डोंगरी या गावांतील ख्रिस्ती वस्ती आजही नांदते आहे.

वसईचा कारभार सरसुभेदार शंकराजी केशव फडके यांच्याकडे आला. १७४० च्या एप्रिलात बाजीराव गेले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात चिमाजीअप्पाही. आईविना वाढलेला त्यांचा मुलगा सदाशिव तेव्हा अवघ्या दहा वर्षांचा होता. साष्टी मराठ्यांकडे पुरती चाळीस वर्षेही राहिली नाही. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाणे घेतले, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी, आणि तिच्याबरोबर धारावीची टेकडीही, त्यांच्या दफ्तरी कायमची नोंदली गेली.