वेबपृष्ठावरील लेखन : जावास्क्रिप्टमधील मजकूर आणि एचटीएमएल यांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
वेबपृष्ठासाठी लिहिलेली अक्षरे दोन प्रकारची असतात. काही केवळ वाचकासाठी असतात, तर काही ब्राउझरला आज्ञा देतात. पहिली म्हणजे मजकूर, दुसरी म्हणजे एचटीएमएलचे टॅग. जावास्क्रिप्टच्या लेखनसाधनांनी हा भेद कितपत पाळला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

साधनांचा विकास :
मे १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीतील ब्रेंडन आइक यांनी या भाषेचे प्राथमिक रूप अवघ्या दहा दिवसांत सिद्ध केले. १९९६ च्या नेटस्केप नेव्हिगेटर २.० मध्ये 'डॉक्युमेंट डॉट राइट' ही पद्धत उपलब्ध होती. पृष्ठ उघडत असताना ती दिलेली अक्षरे मूळ एचटीएमएलच्या ओघात मिसळे. पृष्ठ पूर्ण उघडल्यावर वापरल्यास मात्र आधीचे सारे पुसले जाई. १९९७ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ४ ने 'इनर एचटीएमएल' आणून पृष्ठाचा हवा तेवढाच भाग बदलण्याची सोय केली. या दोन्ही साधनांत मजकूर व टॅग एकाच वाटेने आत येत. ऑक्टोबर १९९८ मध्ये डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने मान्य केलेल्या 'डॉम'च्या पहिल्या स्तरात 'क्रिएट टेक्स्ट नोड' ही स्वतंत्र वाट होती. तिच्यातून आलेला टॅगही निव्वळ अक्षरे म्हणूनच दिसतो. परंतु तिच्यासाठी अधिक ओळी लिहाव्या लागत. साहजिकच सोपी वाट रूढ झाली.

परिणाम :
वापरकर्त्याने दिलेली अक्षरे न तपासता पृष्ठावर आली, तर त्यांतील आज्ञाही अमलात येतात. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेतील सर्ट समन्वय केंद्राने या धोक्याची जाहीर सूचना दिली. तरीही ऑक्टोबर २००५ मध्ये मायस्पेस या संकेतस्थळावर एका वापरकर्त्याने स्वतःच्या परिचयपृष्ठात दडवलेली जावास्क्रिप्ट वीस तासांच्या आत दहा लाखांहून अधिक खात्यांपर्यंत पोहोचली. 'इनर एचटीएमएल' हा शब्द संकेतस्थळ गाळत असे. त्याने तो दोन तुकड्यांत लिहून पुन्हा जोडला. शब्द गाळण्याचा उपाय किती तोकडा होता, हे यावरून स्पष्ट होते.

निष्कर्ष :
दोष एखाद्या आज्ञेचा नसून मजकूर आणि आज्ञा एक मानण्याच्या सवयीचा होता. आज एचटीएमएलचे प्रमाणकच 'डॉक्युमेंट डॉट राइट' टाळण्यास सांगते. ही पद्धत पहिल्या पाठातच शिकवताना तिचा हा इतिहासही विद्यार्थ्यांसमोर ठेवणे, हे अध्यापकाचे कर्तव्य ठरते.