मागच्या गाडीचा ब्रेक कोण दाबतो?

उतारावर भरलेली बैलगाडी बैलांच्या अंगावर येते, तसा मागे जोडलेला ट्रेलर पुढच्या गाडीच्या अंगावर येतो. अमेरिकेत पिकअपमागे बोट बांधून तळं किंवा समुद्र गाठणाऱ्यांचा हा नेहमीचा घोर. बोट आणि ट्रेलर मिळून चार टन वजन ताशी ९० किलोमीटरने धावत असेल, तर त्यात साडेबारा लाख ज्यूल ऊर्जा साठलेली असते. पावणेचार लिटर पाणी २० अंशांवरून उकळीला आणायला एवढी पुरते. गाडी थांबवायची म्हणजे ही सगळी उष्णता ब्रेकनी काही सेकंदांत पचवायची. पिकअपचे ब्रेक पिकअपपुरते. ट्रेलरला स्वतःचे हवेत, इथवर कुणाचा वाद नाही. पण ते दाबणार कोण? चालकाचा पाय तर तिथवर पोचत नाही. या प्रश्नाला दोन घराण्यांनी दोन उत्तरं दिली, आणि त्यांची सोयरीक जुळायला बराच काळ जावा लागला.

पहिलं घराणं तेलाचं. विमानं बनवणाऱ्या लॉकहीड बंधूंपैकी माल्कम विमानांतून बाहेर पडून ब्रेकच्या मागे लागला. पायाचा जोर दांड्या आणि तारांऐवजी नळीतल्या द्रवातून चारही चाकांना सारखा पोचवायचा, ही त्याची कल्पना. १९२१ च्या ड्यूसेनबर्ग मोटारीत ती चारही चाकांवर आली. सुरुवातीच्या चामडी वाट्या गळायच्या. १९२४ च्या क्रायस्लरसाठी इंजिनिअरांनी रबरी वाट्या बसवल्या आणि हायड्रॉलिक ब्रेक भरवशाचा झाला.

ट्रेलरच्या सर्ज ब्रेकने हेच तेल घेतलं आणि पायाला रजा दिली. ट्रेलरच्या तोंडाशी असलेला कपलर दोन भागांचा केला, एक दुसऱ्यात थोडासा सरकणारा. पुढची गाडी मंदावली की ट्रेलर रेटा देतो, कपलर आत सरकतो, दांडा मास्टर सिलिंडरचा पिस्टन दाबतो आणि ब्रेक ऑइल चाकांकडे धावतं. ना वायर, ना बॅटरी, ना पुढच्या गाडीत काही बसवायची कटकट. जितका जोराचा रेटा तितका जोराचा ब्रेक. मला तरी हे डोकं पहिल्या प्रतीचं वाटतं. युरोपात हाच रेटा तेलाऐवजी दांड्या आणि केबलमधून चाकांपर्यंत नेतात, पण तिथल्या नियमांत त्याला ३,५०० किलोची मर्यादा आहे.

दुसरं घराणं विजेचं, आणि त्याचा मूळपुरुष मोठा हौशी. विस्कॉन्सिन राज्यातल्या बेलॉइट गावचा आर्थर वॉर्नर. मोटारींच्या वेगमापकावर त्याने पैसा केला. स्टुअर्ट-वॉर्नर या प्रसिद्ध कंपनीच्या नावातला वॉर्नर तो हाच. १९०९ साली कर्टिस बनावटीचं विमान विकत घेऊन त्याने स्वतः उडवलं. पुढे १९२७ च्या सुमारास त्याने इलेक्ट्रिक ब्रेकची कंपनी काढली. चाकासोबत फिरणाऱ्या पोकळ ड्रमच्या आत एका आखूड दांड्याच्या टोकाला विद्युतचुंबक. करंट सोडला की तो फिरत्या ड्रमच्या आतल्या पृष्ठभागाला चिकटू पाहतो, ड्रम त्याला सोबत ओढतो, दांडा वळतो आणि ब्रेक शू फाकून ड्रमला आतून घासतात. म्हणजे जोर फिरणाऱ्या चाकाचाच. करंट लागतो चाकामागे जेमतेम तीनेक अँपिअर. आणि हुकूम चालकाचा. ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागला, तर नुसते मागचे ब्रेक लावून त्याला सरळ करता येतं. सर्ज ब्रेकला हे जमत नाही.

मग सगळ्यांनी वीजच का घेतली नाही? फिरत्या घरांच्या ट्रेलरांनी घेतली. बोटवाल्यांना मात्र पाण्याने अडवलं. बोट उतरवायची तर ट्रेलरची चाकं पाण्यात बुडवावीच लागतात. बारा व्होल्टचे जोड आणि चुंबक खाऱ्या पाण्यात बुडवत राहिलं की ते गंजणारच. म्हणून बोटीच्या ट्रेलरवर सर्ज ब्रेक टिकून राहिला, त्याच्या खोडींसकट.

त्यातली मोठी खोड रिव्हर्सची. घराच्या चढावर ट्रेलर मागे ढकलायला गेलं की कपलर दबतो. त्याच्या लेखी ती थांबायचीच खूण, आणि चाकं जाम. जुने लोक कपलरच्या फटीत पिन खुपसून तो सरकूच देत नसत. पिन काढायची राहिली की हायवेवर ट्रेलरला ब्रेकच नाही. ड्रमवाल्यांनी यावर चांगली तोड काढली. ड्रममध्ये शू कसा टेकवलाय यावर चाकाची गती त्याला आत ओढते किंवा बाहेर लोटते. म्हणून मांडणी अशी केली की पुढे जाताना ब्रेक लागेल आणि मागे जाताना जवळजवळ लागणारच नाही. लांब घाटउतारावर मात्र सर्ज ब्रेकचा रेटा सुटतच नाही, ब्रेक तापत राहतात, आणि ड्रम तापून फुगला की शूपासून दूर जातो. शिवाय रॅम्पवरचा गाळ आणि मीठ ड्रमच्या पोटात अडकून बसतं ते वेगळंच. चाक उघडल्यावर आत तुटलेल्या स्प्रिंगा आणि जाम झालेला ॲडजस्टर सापडणं ही खाऱ्या पाण्याकाठची रोजची गोष्ट.

इथे तिसरा पाहुणा आला, डिस्क ब्रेक. त्याचं कूळ ड्रमइतकंच जुनं. बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टरने त्याचं पेटंट १९०२ मध्येच घेतलं होतं. पण धातूवर धातू घासून असा किंचाळायचा की गिऱ्हाईक पळे. पुढे विमानांच्या चाकांवर तो मोठा झाला. डनलॉपच्या डिस्क लावलेल्या जॅग्वारने १९५३ ची ल माँची शर्यत जिंकली तेव्हा मोटारवाल्यांचे डोळे उघडले. बोटीच्या ट्रेलरला तो मानवला, कारण चकती उघड्यावर असते: पाणी झटकून टाकते, लवकर निवते, गोड्या पाण्याच्या पाइपने धुता येते. स्टेनलेस स्टीलची घेतली तर मिठालाही बरीच वर्षं दाद देत नाही.

मात्र ड्रम काढून डिस्क बसवली की काम संपलं, असं समजणाऱ्यांची फजिती होते. ड्रममध्ये चाकाची गतीच शूला आणखी दाबते. डिस्कला ही फुकटची मदत नाही, सगळा दाब तेलाचा. ड्रमला दर चौरस इंचाला १,००० पौंड पुरतात, डिस्कला १,६०० च्या आसपास लागतात. ड्रमच्या मास्टर सिलिंडरमध्ये शू जवळ ठेवण्यापुरता थोडा दाब राखणारा एक छोटा व्हॉल्व्ह असतो. डिस्क बसवताना तो तसाच राहिला तर चकतीला पकडणारे पॅड कायम घासत राहतात आणि हब तापतो. डिस्क पुढे-मागे सारखीच पकडते, त्यामुळे रिव्हर्सची ती जुनी तोडही गेली. तिच्या जागी तेलाची वाट अडवणारा सोलेनॉइड आला, त्याला रिव्हर्सच्या दिव्याचा करंट, आणि त्यासाठी प्लगमध्ये पाचवी वायर.

म्हणजे वीज मागच्या दाराने आलीच होती. मग शहाण्यांनी तिला सरळ पुढच्या दाराने घेतलं. ट्रेलरच्या पुढच्या टोकाला, पाण्यापासून दूर, विजेवर चालणारा पंप, तिथून चाकांपर्यंत तेल, चाकांवर डिस्क. हुकूम वॉर्नरच्या विजेचा, नळी लॉकहीडची, चकती लँचेस्टरची. पाण्यात जातात ते फक्त तेल आणि स्टील. ट्रेलर सुटलाच तर छोटी बॅटरी ब्रेक लावून ठेवते. व्यावसायिक वाहतुकीत ते किमान १५ मिनिटं लागून राहिले पाहिजेत, असा अमेरिकेचा नियम आहे.

सर्ज ब्रेक त्यामुळे मोडीत निघाला असं नाही. २००७ मध्ये अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा प्रशासनाने व्यावसायिक वापरातही त्याला रीतसर मान्यता दिली. १२,००० पौंडांपर्यंतचा ट्रेलर असेल तर तो ओढणाऱ्या गाडीच्या कमाल वजनाच्या पावणेदोन पटींपर्यंत चालतो, त्यापुढे २०,००० पौंडांपर्यंत सव्वा पटच.

एका आसाच्या ट्रेलरवरची हलकी बोट आणि सपाट रस्ता असेल तर सर्ज ब्रेक खुशाल ठेवा, पैसे वाचवा. दोन-तीन आसांच्या ट्रेलरवरची जड बोट, खारं पाणी आणि वाटेत घाट असेल तर सगळ्या आसांवर स्टेनलेस डिस्क आणि विजेचा पंप घ्या. पंप घेताना त्याच्यावरचा आकडा वाचा: १,००० चा ड्रमसाठी, १,६०० चा डिस्कसाठी.