कोमागाटा मारू आणि किनाऱ्यावरचे लोक

१९१४ सालच्या जुलै महिन्याची २१ तारीख. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील व्हँकूव्हर शहरांत त्या दिवशीं जत्रेसारखी गर्दी लोटली होती. धक्क्यांवर, गच्च्यांवर, बंदराकडे तोंड असलेल्या कचेऱ्यांच्या खिडक्यांत माणसेंच माणसें दिसत होतीं. त्यांना पाहावयाची होती कॅनडाच्या आरमाराची ‘रेनबो’ ही युद्धनौका. ती कोणा शत्रूवर चालून आली नव्हती. ‘कोमागाटा मारू’ नांवाच्या एका जपानी आगबोटीला हुसकून लावण्यासाठीं तिला बोलावण्यांत आलें होतें. त्या आगबोटीवर साडेतीनशेंवर हिंदी उतारू दोन महिने अडकून पडले होते. त्यांतले कित्येक ब्रिटिश बादशहाच्या फौजेंत चाकरी केलेले शीख शिपाई होते, आणि ‘रेनबो’ ज्याच्या हुकमतीखालीं होती तोही तोच बादशहा.

या आगबोटीची कहाणी आपल्याकडे पुष्कळांनीं सांगितली आहे, आणि ती बहुधा आगबोटीवर उभें राहून सांगितली जाते. आज थोडा वेळ मी आपणांस किनाऱ्यावर नेणार आहें. एखादें सरकार परक्यांना दार बंद करूं लागतें तेव्हां दाराच्या दोन्ही बाजूंचे लोक त्या हुकुमाचा अर्थ काय लावतात, हें मला पाहावयाचें आहे.

१९०४ पर्यंत कॅनडांत हिंदी माणूस विरळाच आढळे. पुढें पंजाबांतले शेतकरी आणि पेन्शनींत निघालेले शिपाई हाँगकाँगमार्गे ब्रिटिश कोलंबिया प्रांतांत जाऊं लागले. तेथें लाकूड कापण्याच्या गिरण्यांना आणि रेल्वेच्या कामाला माणसें हवींच होतीं. १९०६-०७ या सरकारी वर्षांत २,१२४ हिंदी लोक उतरले, आणि त्याच्या पुढच्या वर्षांत २,६२३. एवढ्या अफाट देशांत ही संख्या ती काय! परंतु गोऱ्या मजुरांना ती पुरेशी वाटली. ४ सप्टेंबर १९०७ रोजीं सरहद्दीपलीकडे, अमेरिकेंतील बेलिंगहॅम गांवीं, जमावानें हिंदी मजुरांना बिऱ्हाडांतून ओढून गांवाबाहेर घालविलें. तीनच दिवसांनीं खुद्द व्हँकूव्हरांत आशियाई लोकांविरुद्ध मिरवणूक निघाली, सभा झाली, आणि सभेबाहेरचा जमाव चिनी व जपानी वस्तींतील दुकानांच्या कांचा फोडीत फिरला. जपानी वस्तीनें मात्र दगडाला दगडानें उत्तर दिलें.

जमावाची मागणी सरळ होती: आशियाई नकोत. सरकारची अडचण अशी कीं, हें सरळ बोलतां येत नव्हतें. चिनी माणसावर डोईपट्टी होती, आणि १९०३ पासून ती डोईमागें ५०० डॉलर झाली होती. जपान हें इंग्लंडचें दोस्त राष्ट्र असल्यामुळें त्याच्याशीं खाजगी समझोता झाला. उरला हिंदी माणूस. तो तर बादशहाचा प्रजाजन, आणि १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यानें त्याला इतर प्रजाजनांच्या बरोबरीनें वागविण्याचें वचन दिलेलें. १९०७ सालीं लाला लजपतराय व अजितसिंग यांना मंडालेला नेऊन ठेवण्याची पाळी सरकारवर आली होती. अशा वेळीं साम्राज्याच्या एका घटकानें ‘हिंदी लोकांस मज्जाव’ असें लिहून ठेवणें लंडनला परवडणारें नव्हतें. पुढें कॅनडाचे पंतप्रधान झालेले मॅकेंझी किंग या प्रश्नाची वाटाघाट करण्यासाठीं १९०८ सालीं लंडनला गेले होते.

तोडगा काय निघाला? जो मनुष्य आपल्या जन्माच्या किंवा नागरिकत्वाच्या देशांतून, निघण्यापूर्वीं काढलेल्या सलग तिकिटावर, वाटेंत कोठेंही न खंडतां आलेला नसेल त्याला प्रवेश नाकारावा, एवढाच १९०८ च्या जानेवारींतील हुकुमाचा मजकूर. त्यांत हिंदुस्थानचें नांव नाहीं, वर्णाचा उल्लेख नाहीं. पुढें सरकारनें कॅनेडियन पॅसिफिक कंपनीला हिंदुस्थानांतून सलग तिकिटें विकूं नयेत असें सांगितलें, आणि काम झालें. त्यावर आणखी एक कडी चढविली: इतरांनीं २५ डॉलर दाखवावे, पण आशियाई माणसानें २००. १९०८-०९ सालीं कॅनडांत उतरलेल्या हिंदी लोकांची संख्या सहा! साठ नव्हे, सहाशें नव्हे, सहा. कारकुनी कौशल्याला दाद द्यावीच लागते.

आतां ज्यांच्यावर हा नियम पडला त्यांनीं काय केलें? प्रथम त्यांनीं अर्ज केले. राणीच्या जाहीरनाम्यावर त्यांचा खरोखरच विश्वास होता. १९०८ सालींच सरकारनें त्यांना मध्य अमेरिकेंतील ब्रिटिश होंडुरासांत जाऊन राहण्याचें सुचविलें. त्यांनीं ही सूचना झिडकारली नाहीं. नागरसिंग आणि श्यामसिंग असे दोन प्रतिनिधी मुलूख पाहण्यास पाठविले. हॉपकिन्सन नांवाचा, हिंदुस्थानांत पोलिसखात्यांत असलेला अधिकारी दुभाषी म्हणून बरोबर होता. प्रतिनिधींनीं परत येऊन सांगितलें कीं, तेथें ताप आहे, मजुरी तुटपुंजी आहे, आणि अनुकूल अहवाल देण्यासाठीं आम्हांस लांच देऊं केला गेला. योजना तेथेंच संपली. १९०९ सालीं व्हँकूव्हरच्या गुरुद्वारांत जुन्या शिपायांनीं फौजेंतलीं आपलीं पदकें यापुढें अंगावर घालावयाचीं नाहींत असें ठरविलें. शिपायाच्या आयुष्यांत पदकाला काय किंमत असते हें ज्यांना ठाऊक आहे त्यांनाच या ठरावाचें वजन कळेल.

सर्वांत झोंबणारी गोष्ट होती बायकामुलांची. नियमानें रहिवाशाची पत्नीसुद्धां अडत होती. १९१२ च्या आरंभीं भागसिंग आणि बलवंतसिंग हे गुरुद्वाराचे दोघे पुढारी आपलीं कुटुंबें घेऊन आले. पुरुषांना उतरूं दिलें. स्त्रिया आणि मुलें यांना परत पाठविण्याचा हुकूम झाला. बराच गवगवा झाल्यावर ‘केवळ मेहेरबानी म्हणून’ त्यांना राहूं दिलें. हक्क मागावा आणि मेहेरबानी पदरांत पडावी, हा अनुभव त्या काळीं आपल्या लोकांना नवा नव्हता.

१९१३ च्या नोव्हेंबरांत एक अनपेक्षित गोष्ट घडली. ‘पनामा मारू’ आगबोटीनें आलेल्या हिंदी उतारूंच्या खटल्यांत प्रांताचे मुख्य न्यायाधीश हंटर यांनीं निकाल दिला कीं, हुकुमाचे शब्द मूळ कायद्याच्या शब्दांशीं जुळत नाहींत; म्हणून हुकूम रद्द. सरकारनें जानेवारींत शब्द दुरुस्त करून हुकूम पुन्हां काढले. परंतु निकालाची बातमी पूर्वेकडील बंदरांतून पसरली होती. अमृतसर जिल्ह्यांतील सरहालीचे आणि मलायांत ठेकेदारी केलेले गुरुदित्तसिंग यांनीं हाँगकाँगमध्यें ‘कोमागाटा मारू’ भाड्यानें घेतली. ४ एप्रिल १९१४ ला ती निघाली. शांघाय, मोजी, योकोहामा येथें उतारू चढत गेले आणि एकूण संख्या ३७६ झाली. पैकीं ३४० शीख, २४ मुसलमान, १२ हिंदू. आगबोट हिंदुस्थानांतून निघालेली नसल्यामुळें नियमाच्या अक्षराला ती उतरत नव्हती, हें मान्य केलें पाहिजे. पण अक्षराची कसोटी लागावी हाच गुरुदित्तसिंगांचा हेतु होता.

२३ मे रोजीं आगबोट व्हँकूव्हरच्या खाडींत आली, आणि तिला धक्क्याला लागूं दिलें नाहीं. यानंतर शहरांत दोन सभा झाल्या. ३१ मे रोजीं डोमिनियन हॉलमध्यें पांचसहाशें हिंदी लोक जमले. कांहीं थोडे गोरेही तेथें होते, विशेषतः समाजवादी पक्षाचे. उतारूंचें वकीलपत्र घेणारे बर्ड हेही त्याच मताचे. गिरणींत लाकडें ओढणाऱ्या या माणसांनीं जागच्या जागीं ५,००० डॉलर रोख टाकले आणि ६६,००० डॉलरांचीं वचनें दिलीं. आगबोटीच्या भाड्याचा थकलेला हप्ता पुढें त्यांनींच भरला, आणि करार भागसिंग व हुसेन रहीम यांच्या नांवें झाला.

दुसरी सभा २३ जूनची. तीही डोमिनियन हॉलमध्येंच. अध्यक्ष नगराचे मेयर बॅक्स्टर, मुख्य वक्ते पार्लमेंटचे सभासद एच. एच. स्टीव्हन्स. उतारूंना तत्काळ परत पाठवा, ही तेथली मागणी. सलग प्रवासाचा नियम मोडला म्हणून हीं माणसें नकोत, असा या सभेचा सूर नव्हता. हा मुलूख गोऱ्यांचा राहिला पाहिजे म्हणून तीं नकोत, असें तेथें उघड बोललें जात होतें. मला या सभेविषयीं तिरस्कार वाटतो. पण एका बाबतींत ती ऑटाव्यांतील मंत्रिमंडळापेक्षां प्रामाणिक होती. नियमाचा अर्थ दोन्ही सभांना अगदीं एकच कळला होता. तो कळत नसल्याचें सोंग फक्त सरकारें करीत होतीं.

मुन्शीसिंग या एका उतारूचा खटला नमुन्यादाखल चालविण्यांत आला आणि ६ जुलैला अपील कोर्टानें एकमतानें सरकारच्या बाजूनें निकाल दिला. आगबोटीवर अन्न आणि पाणी यांचे हाल चालले होते. १९ जुलैच्या मध्यरात्रीं ‘सी लायन’ नांवाची ओढबोट दीडशेंच्या आसपास शिपाई घेऊन आगबोटीला भिडली. स्टीव्हन्स आणि हॉपकिन्सन त्यांत होते. उतारूंनीं वरून कोळशाचा आणि विटांचा असा मारा केला कीं पोलिसांना माघार घ्यावी लागली. मग ‘रेनबो’ आली. अखेर सरकारनें वाटेच्या शिध्याची सोय कबूल केली, आणि २३ जुलैला ‘कोमागाटा मारू’ परत फिरली. वीस जुने रहिवासी, तसेंच आगबोटीवरील डॉक्टर व त्यांचें कुटुंब, एवढ्यांनाच तेवढें उतरूं दिलें होतें.

बारा दिवसांनीं ब्रिटन महायुद्धांत उतरलें. हिंदी फौजेची पहिली तुकडी २६ सप्टेंबरला फ्रान्सच्या मार्सेल्स बंदरांत उतरली, तेव्हां तिचें फुलांनीं स्वागत झालें. त्यानंतर तीन दिवसांनीं ‘कोमागाटा मारू’ कलकत्त्याजवळ बजबज येथें धक्क्याला लागली. दरम्यान, ५ सप्टेंबरला, हिंदुस्थान सरकारनें एक वटहुकूम काढून बाहेरून येणाऱ्या कोणाचीही हालचाल रोखण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला होता. स्वदेशांतून सरळ आलां नाहींत म्हणून कॅनडानें ज्यांना परत लाविलें, त्यांना स्वदेशांत सरळ पाऊल टाकण्याचीही मोकळीक उरली नाहीं. खास गाडींत बसून पंजाबांत जा, असा हुकूम झाला. सुमारे साठ लोक बसले. बाकीचे ग्रंथसाहेब डोक्यावर घेऊन कलकत्त्याच्या दिशेनें चालूं लागले. त्यांना वळवून परत आणलें, आणि संध्याकाळीं स्टेशनाजवळ गोळीबार झाला. सुमारे वीस उतारू ठार झाले. दोनशेंवर तुरुंगांत गेले. गुरुदित्तसिंग निसटले आणि १९२१ पर्यंत सांपडले नाहींत. त्या वर्षीं नानकाना साहेब येथें ते स्वतः स्वाधीन झाले.

किनाऱ्यावर राहिलेले लोकही पहिल्यासारखे राहिले नाहींत. ऑक्टोबरांत व्हँकूव्हरच्या कोर्टांत मेवासिंगानें हॉपकिन्सनवर गोळ्या झाडल्या, आणि ११ जानेवारी १९१५ ला तो फांशीं गेला. ज्यांनीं सात वर्षें अर्ज लिहिले होते त्यांच्यांतलेच शेंकडों लोक गदर पक्षाच्या हांकेला ओ देऊन बोटीबोटींनीं मायदेशीं निघाले. त्यांच्या बरोबरीनें अमेरिकेंतून एक मराठी तरुणही परतला: पुणें जिल्ह्यांतील तळेगांव ढमढेऱ्याचा विष्णु गणेश पिंगळे. मीरतच्या छावणींत तो बाँबसह पकडला गेला आणि १६ नोव्हेंबर १९१५ ला लाहोरांत फांशीं चढला.

सलग प्रवासाचा नियम १९४७ पर्यंत कायम होता. हिंदी रहिवाशांस मताचा हक्कही त्याच वर्षीं मिळाला. २००८ सालीं पंतप्रधान हार्पर यांनीं सरे गांवीं एका मेळ्यांत झाल्या प्रकाराबद्दल क्षमा मागितली. जमलेल्यांनीं ती तेथल्या तेथेंच नाकारली. ज्या पार्लमेंटच्या नांवानें दार बंद झालें, त्याच्या दप्तरांत क्षमेची नोंद हवी, असें त्यांचें म्हणणें. ती नोंद १८ मे २०१६ रोजीं पंतप्रधान ट्रूडो यांनीं सभागृहांत केली. डोमिनियन हॉलमधील सभेचे वक्ते स्टीव्हन्स पुढें मध्यवर्ती सरकारांत मंत्री झाले, दीर्घायुषी झाले आणि १९७३ सालीं वारले. व्हँकूव्हरांतील एका सरकारी इमारतीला त्यांचें नांव दिलेलें होतें. तें २०१९ सालीं काढून टाकण्यांत आलें.