विळ्याच्या आकाराची पेशी

मंडळी, मागच्या व्याख्यानात आपण तांबड्या पेशींचं काम पाहिलं. आज त्यातल्या एका वाकड्या पेशीचा इतिहास पाहू. सिकल म्हणजे विळा. सिकलसेल हा शब्द विदर्भात किंवा नंदुरबारकडे कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१० साली या पेशींचं वर्णन प्रसिद्ध केलं. रुग्ण होता कॅरिबियनमधल्या ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला एक कृष्णवर्णीय तरुण. पुढे अमेरिकेत सापडलेले रुग्णही बहुतेक कृष्णवर्णीयच, आणि तिथल्या डॉक्टरांनी ठरवून टाकलं की हा त्या वंशाचाच रोग. एखाद्या गोऱ्या माणसाच्या रक्तात अशी पेशी दिसली, तर संशय त्याच्या पूर्वजांवर!

मूळ दोष पेशीतल्या हिमोग्लोबिनमध्ये आहे, हे लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवलं. प्राणवायू कमी झाला की या हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोरे तयार होतात. पेशी ताठ होते, बारीक रक्तवाहिनीत अडकते आणि माणूस कळांनी तळमळतो. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही जेमतेम १० ते २० दिवस. मग अंगात रक्त राहणार कुठून?

१९५२ मध्ये लेहमान आणि कटबुश यांना हीच पेशी निलगिरीच्या आदिवासींमध्ये सापडली. आता वंशाचा हिशेब कसा लावायचा? उलगडा केला अँथनी ॲलिसन यांनी, १९५४ मध्ये, पूर्व आफ्रिकेत. आई किंवा बाप, एकाकडूनच हा जनुक मिळालेल्या 'वाहकां'ना जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता, तिथे हा जनुक टिकला. तेव्हा नकाशा काढायचाच तर तो हिवतापाचा काढावा लागतो, वंशाचा नव्हे. आमच्या मते ॲलिसन यांचं हे काम पॉलिंग यांच्याइतकंच मोठं, पण नाव मात्र पॉलिंग यांचंच घेतलं जातं.

आपल्याकडे वंशाची जागा जातीनं घेऊ नये. सिकलसेल आदिवासींत अधिक, पण इतर समाजांतही आहे. आणि वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. वाहक मुलीचं स्थळ केवळ तेवढ्यावरून नाकारण्याला वैद्यकीय आधार नाही. प्रश्न येतो दोघंही वाहक असतील तर: दर गरोदरपणात मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. २०२३ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या मोहिमेत चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य आहे. तपासणी मुलाचीही व्हावी, एकट्या मुलीची नको.

पुढच्या वेळी थॅलेसेमिया घेऊ.