‘मिस्टेकन’ : एका शब्दाची कथा

इंग्रजी शिकणाऱ्या मुलाला ‘राँग’ हा शब्द लवकर भेटतो, ‘मिस्टेकन’ बऱ्याच उशिरा. दोन्हींचा अर्थ ‘चुकीचा’ असा सांगून आम्ही मास्तर मंडळी मोकळे होतो. पण दोहोंत फरक आहे. दोन नि दोन पाच लिहिले, तर उत्तर ‘राँग’. ते बरोबर आहे असे समजणारा मुलगा ‘मिस्टेकन’. ‘राँग’ला कधी कधी अन्यायाचाही वास येतो, ‘मिस्टेकन’ माणसाच्या मनात मात्र खोट नसते. ‘टेक’ म्हणजे घेणे. त्याच्या आधी ‘मिस्’ लागले, की भलतेच घेतले, भलतेच समजले, असा भाव होतो. आपला ‘गैरसमज’ याच धाटणीचा.

या साध्या विशेषणाने इतिहासात एकदा मोठे काम केले. १६४९ साली इंग्लंडच्या पार्लमेंट पक्षाने पहिल्या चार्ल्स राजाचा शिरच्छेद केला. स्कॉटलंडने त्याच्या मुलाला राजा म्हणून घोषित केले. मग १६५० च्या उन्हाळ्यात सेनापती ऑलिव्हर क्रॉमवेल फौज घेऊन स्कॉटलंडात शिरला. दोन्ही बाजू ख्रिस्ती, दोन्ही कट्टर. आणि देव आपल्याच बाजूला आहे, ही दोघांचीही खात्री! ३ ऑगस्टला क्रॉमवेलने तिथल्या धर्मसभेला पत्र धाडले. त्यात काकुळतीची विनवणी होती : आपण ‘मिस्टेकन’ असू शकू, एवढे तरी शक्य माना.

धर्मसभेने ते मानले नाही. आम्ही आमच्या धर्माविषयीच शंका धरावी की काय, असा तिचा उलट सवाल होता. बरोबर एक महिन्याने, ३ सप्टेंबरला, डनबार येथे लढाई झाली. क्रॉमवेलची फौज लहान, आजाराने खंगलेली. तरी स्कॉटिश सैन्याचा धुव्वा उडाला. हजारो कैद झाले.

आता खरी गोम ऐका. या विजयात क्रॉमवेलला देवाचा कौल दिसला. वास्तविक लढाई जिंकल्याने मत खरे ठरत नाही. पण दुसऱ्याला ‘आपण चुकत असू’ असे म्हणायला सांगणाऱ्या या गृहस्थाने तो शब्द स्वतःला काही लावून पाहिला नाही. १६५३ साली त्याने ज्या पार्लमेंटसाठी तो लढला होता, तेच शिपाई घालून मोडले.

तरीही ते वाक्य टिकले. १९७३ साली ब्रोनोव्हस्की नावाच्या शास्त्रज्ञाने दूरचित्रवाणीवरील मालिकेत ते पुन्हा उच्चारले, तेही ऑश्विट्झच्या छळछावणीत उभे राहून. त्याचे कितीतरी आप्त तिथे मारले गेले होते. आपले चुकणारच नाही, असे मानणारी माणसे कुठवर जातात, हे त्याला दाखवायचे होते.

शिक्षकबंधूंनो, ‘यू आर मिस्टेकन’ हे वाक्य मुले चटकन शिकतात. ‘आय मे बी मिस्टेकन’, म्हणजे ‘कदाचित माझीच समजूत चुकत असेल’, हे मात्र पुस्तकातून येत नाही. फळ्यावर आपली चूक एखाद्या पोराने दाखवली, की ती त्याच्यादेखत पुसावी. तो धडा मुलांना आपोआप मिळतो.