पतंग कुणाचा?

पतंग म्हणजे नवाबांचा शौक, असे आम्ही उर्दूवाले सहज बोलून जातो. अब्दुल हलीम शरर यांनी लखनौच्या पतंगबाजीचे वर्णन लिहून ठेवले, त्यामुळे हा समज पक्का झाला. संक्रांत आली की दुसरीकडून ऐकू येते, पतंग आमच्या सणाचा.

इतिहास वेगळे सांगतो. आमच्याच सोलापूर जिल्ह्यातल्या पंढरपूरचे संत नामदेव (1270-1350) अवधच्या नवाबीच्या कितीतरी आधीचे. 1604 साली सिद्ध झालेल्या शिखांच्या आदिग्रंथात, रामकली रागात त्यांचे एक पद आहे. मुलगा कागद कापून ‘गुडी’ करतो, सोबत्यांशी बोलत उडवतो, पण चित्त दोरीपाशी ठेवतो, असा त्याचा आशय. उर्दूतली ‘गुड्डी’ याच घराण्यातली. मराठीतला जुना शब्द वावडी.

घडण साधीच. बांबूची उभी काडी, एक कमान, पातळ कागद आणि कन्नी. ढील दिली की पतंग गिरकी घेतो, खेचला की नाकासमोर धावतो. सारी कला बोटांत.

आता त्या बोटांत नायलॉन आला. राष्ट्रीय हरित लवादाने जुलै 2017 मध्ये त्यावर देशभर बंदी घातली. तरी माणसांचे गळे आणि पाखरांचे पंख कापले जातातच. सूतगिरण्यांनी वाढवलेल्या सोलापुरात पोरांनी सूत सोडून नायलॉन धरावा, याचे आम्हाला वाईट वाटते. पतंग कुणाचा, हा वाद सोडून मुलांच्या हाती सुताची दोरी देणे, हे आम्हा शिक्षकांचे काम आहे.