त्रिकोणाला राग आला?

एक मोठा त्रिकोण, एक लहान त्रिकोण, एक छोटे वर्तुळ आणि एक आयत. आयताच्या एका बाजूचा तुकडा दारासारखा उघडतो आणि मिटतो. तीन मिनिटांच्या आत संपणाऱ्या एका मूकपटातील ही सगळी पात्रे. ‘पात्रे’ हा शब्द मी सहज लिहून गेलो, आणि नेमका तोच या लेखाचा विषय आहे.

हा पट तयार केला फ्रिट्झ हायडर या मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांची विद्यार्थिनी मारिआन झिमेल हिने. हायडर मूळचे व्हिएन्नाचे; १९३० साली ते अमेरिकेत आले. झिमेलचे कुटुंब नाझींच्या काळात जर्मनी सोडून आलेले. मॅसॅच्युसेट्समधील नॉर्थॅम्प्टन गावी मुलींचे स्मिथ कॉलेज आहे. तेथे झालेले हे काम १९४४ साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ सायकॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तंत्र साधे होते. पुठ्ठ्याचे आकार काचेवर मांडायचे, एक चित्र घ्यायचे, आकार किंचित सरकवायचे, पुन्हा चित्र घ्यायचे. आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटात काड्यांना चालते-फिरते केले, तेही अशाच युक्तीने.

पटात काय होते? मोठा त्रिकोण आयताच्या आत आहे. लहान त्रिकोण आणि वर्तुळ बाहेरून जवळ येतात. मोठा त्रिकोण बाहेर येतो; दोन्ही त्रिकोणांची टोके एकमेकांवर वारंवार आपटतात. वर्तुळ आयतात शिरते, मागोमाग मोठा त्रिकोणही शिरतो. पुढे वर्तुळ बाहेर येते आणि मोठा त्रिकोण आतच राहतो. तो निघाल्यावर तिन्ही आकार आयताभोवती फिरतात, दोन छोटे आकार पडद्याबाहेर जातात आणि मोठ्या त्रिकोणाच्या धडकांनी आयताचे तुकडे होतात.

एवढे वर्णन मनाविषयीचा एकही शब्द न वापरता लिहायचे असे ठरवले होते. ‘पाठलाग’ हा शब्द मला दोनदा खोडावा लागला.

पाहणाऱ्यांच्या पहिल्या गटात ३४ जणी होत्या. त्यांना एवढेच सांगितले होते की, पटात काय घडले ते लिहा. माणसे शोधा, गोष्ट सांगा असे कोणी सुचवले नव्हते. तरी जवळजवळ संपूर्ण वर्णन भूमितीच्या भाषेत केले ते फक्त एकीने. बाकी ३३ जणींना सजीव दिसले. दोघींना पक्षी, इतरांना बहुतेक माणसेच. दुसऱ्या गटातील ३६ जणींना आकारांचे स्वभाव विचारले, तेव्हा मोठा त्रिकोण भांडखोर, दांडगट, रागीट असल्याबद्दल जवळजवळ एकमत झाले. लहान त्रिकोण शूर ठरला, वर्तुळ भित्रे. तिसऱ्या गटाला तोच पट उलटा, शेवटाकडून सुरुवातीकडे दाखवला. गोष्टी आता एकमेकींशी फारशा जुळेनात, पण माणसे काही गेली नाहीत!

एवढ्यावर थांबलो तर ही एक गंमत ठरेल. निबंधातील खरी मोलाची गोष्ट मला वाटते ती दाराची. त्रिकोण दाराला टेकतो आणि दोन्ही एकत्र सरकतात. भूमितीच्या दृष्टीने दाराने त्रिकोणाला ओढले असे म्हणणेही तितकेच बरोबर आहे. पण पाहणाऱ्याला त्रिकोणच दार ढकलताना दिसतो. तसेच दोन आकार एकामागून एक जात असतील, तर पुढचा मागच्याला घेऊन जातो की मागचा पुढच्याला हाकलतो, हे गतीवरून ठरत नाही. कोणाला काय हवे आहे हे आपण आधी ठरवतो, मग त्यानुसार कारण आणि कार्य दिसू लागते. निरीक्षण आधी आणि अनुमान नंतर, हा क्रम आपण वर्गात शिकवतो. येथे तो चक्क उलटतो.

पुढे ब्रिस्टल येथे ग्रे वॉल्टर या मेंदूशास्त्रज्ञाने हाच प्रश्न दुसऱ्या टोकाने हाताळला. १९४८–४९ मध्ये त्यांनी ‘एल्मर’ आणि ‘एल्सी’ ही दोन यांत्रिक कासवे बनवली. प्रत्येकात रेडिओचे दोन व्हॉल्व्ह, प्रकाश टिपणारा एक फोटोसेल, धक्का जाणवणारी एक कळ आणि दोन मोटारी. मंद प्रकाशाकडे वळणे, फार प्रखर प्रकाशापासून दूर जाणे, अडथळा आला की वाट बदलणे, एवढाच सारा कारभार. बॅटरी उतरली की प्रखर दिव्यापासून दूर जाणे थांबे, आणि स्वारी दिवा लावलेल्या आपल्या खोपटात परते. १९५१ च्या ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’मध्ये लोकांनीही अशी कासवे पाहिली. ‘ते भुकेले आहे’, ‘घरी निघाले’ असे कोणालाही वाटावे अशीच त्यांची चाल होती. फरक इतकाच की येथे पोट उघडून तारा दाखवता येत होत्या.

त्रिकोणांच्या पटाचा उपयोग अजून संपलेला नाही. मेंदूतील अमिग्डाला हा बदामाच्या आकाराचा भाग दोन्ही बाजूंनी निकामी झालेल्या एका स्त्रीला हा पट दाखवला गेला. तिने आपणहून केलेले वर्णन बरेचसे निव्वळ आकारांचे आणि हालचालींचे होते. तिची नजर अधू नव्हती. २००४ साली हे प्रसिद्ध झाले. म्हणजे त्रिकोणात राग पाहणे हा अडाणीपणा म्हणून हसण्यावारी नेता येत नाही. त्यासाठी मेंदूत काही काम चाललेले असते. मी स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पॅरामेशियम काचेच्या कडेला आपटून मागे फिरताना पाहतो, तेव्हा मनात ‘दचकले’ असेच येते. तेथे कॅल्शियमचे आयन पेशीत शिरून केसलांचा फटका उलटा होतो, हे ठाऊक असूनही!

वर्गात हे करून पाहण्यासाठी चित्रपट हवाच असे नाही. काच, खालून दिवा आणि पुठ्ठ्याचे तीन तुकडे पुरतात. हात दिसू नयेत म्हणून तुकडे लांब काड्यांनी सरकवावेत. अर्ध्या वर्गाला ‘काय दिसले ते लिहा’ सांगावे, उरलेल्यांना ‘फक्त आकार आणि हालचाल लिहा’. मात्र प्रत्येकाने मुकाट्याने आपापले लिहावे, आणि लिहून होईपर्यंत कोणी तोंड उघडू नये. नाहीतर पहिल्या बाकावरच्याने ‘सर, तो मोठा दादागिरी करतोय’ म्हटले, की साऱ्या वह्यांत तीच गोष्ट उतरते.